पालखी उठेना, बोट थांबेना

रत्नागिरीच्या माणसाने बोटीत बसायला मुंबईला जायचं आणि त्या बोटीने त्याला रत्नागिरीवरूनच पुढे गोव्याला न्यायचं, हे कळल्यावर आमच्या मांडवीच्या आळीत काही दिवस दुसरा विषयच निघाला नाही. "सर, म्हणजे तुम्ही आपल्याच दारावरनं जाणार. मग येताना इथेच उतरवून घ्या की, एस.टी.चे पैसे वाचतील," असं शेजारचा निलेश म्हणाला. निलेश मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. वर्षातले निम्मे महिने तो समुद्रात असतो आणि उरलेले आमच्या ओट्यावर. त्यामुळे जहाज या विषयावर त्याच्यासमोर तोंड उघडायची सोय नाही. मी उभी हयात हायस्कुलात भूगोल शिकवला. समुद्रप्रवाह, भरती-ओहोटी, सामुद्रधुन्या, सगळं मी फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवलेलं आहे. पण प्रत्यक्ष बोटीत मी कधी पाय ठेवला नव्हता. मी मूळचा लांज्याकडच्या डोंगरातला. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि ते तिथेच असावं, असं आमचं मत आहे.

तेव्हा बोटीचं वेड माझं नव्हे, ते आमच्या मंडळींचं. मैना मांडवीची. तिचे वडील किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या जुन्या आगबोटीवर खलाशी होते. आगबोट लांब खोल पाण्यात उभी राहायची, सासरे होडीतून जाऊन तिच्यावर चढायचे, आणि लहानगी मैना लाल परकर नेसून धक्क्यावर हात हलवत उभी राहायची. लाल अशासाठी की लांबून दिसावा. खेपेहून परत आले की सासरे म्हणायचे, "दिसलीस गो. चांगली दिसलीस." यावर सासूबाई चुलीपुढून म्हणायच्या, "एवढ्या लांबून काय दिसतंय? तुला बरं वाटावं म्हणून सांगतात झालं." सासू-सासरे दोघेही गेले, पण हा वाद मिटला नाही. मैनेला आयुष्यात एकदा बोटीवर उभं राहून पाहायचं होतं, की तिथून काठावरचं माणूस दिसतं की नाही. बाकी तिला बोटीवरचा पोहण्याचा तलाव नको होता की नाचगाणी नको होती. यंदा डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेची गोष्ट काढली, तेव्हा मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

मुंबईला असलेली आमची मुलगी मृणाली म्हणाली होती, "बाबा, मी काढते तिकीट." मी म्हटलं, ज्याने जगाचा नकाशा तोंडपाठ केला त्याला मुंबई-गोव्याचं तिकीट काढता येत नाही काय? दिवाळीतच सवलतीत बुकिंग करून टाकलं. ते निलेशला अभिमानाने दाखवलं तर तो बराच वेळ मोबाइल वरखाली करत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सर, ही खोली बोटीच्या पोटात आहे. हिला खिडकी नाही."

"भिंतीवर समुद्राचं चित्र आहे," मी म्हटलं.

"चित्र चांगलं आहे," निलेश म्हणाला.

मैनेने फक्त एकच विचारलं, "वर उघड्यावर उभं राहायला देतात ना?" देतात म्हटल्यावर तिने खोलीचा विषय सोडून दिला. माझी मान तेवढ्यापुरती वर राहिली.

मग सल्ल्यांचा मोसम सुरू झाला. निलेशची आई हौसाकाकू सुकटीची पिशवी घेऊन आली, कारण बोटीवर काय खायला घालतील कोण जाणे. बोटीवर बाहेरचं खाणं चालत नाही म्हटल्यावर तिने ती पिशवी माझ्या लोकरी स्वेटरात गुंडाळायला सुचवली. मार्च महिन्यात मी स्वेटर कशाला नेईन हा प्रश्न तिला पडला नाही. बोट लागू नये म्हणून एकाने आलं सांगितलं, दुसऱ्याने आमसूल, तिसऱ्याने बेंबीवर कागद चिकटवायला सांगितला. शेवटी निलेशने फर्मान काढलं की आधी चाचणी घेतलीच पाहिजे, आणि मला खाडीतल्या फेरीबोटीने पलीकडे न्यायचं ठरवलं. खाडी त्या दिवशी ताटातल्या पाण्याएवढी शांत होती. तरी अर्ध्या वाटेत माझ्या पोटाने जे करायचं ते केलं, आणि तेही दोन ट्रक आणि एका लग्नाच्या वऱ्हाडासमोर. वऱ्हाडातल्या नवरदेवाच्या मामाने पुढे होऊन मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "सर, ओळखलंत का? दहावी ब. तुम्ही आम्हाला खारे वारे शिकवले होते." मी त्याला ओळखलं नाही असं दाखवलं.

एवढं सगळं होऊनही मी डगमगलो नाही, कारण तारीख मी फार हुशारीने निवडली होती. शिमगा हे कोकणी माणसाचं खरं कॅलेंडर. गावच्या देवीची पालखी होळीनंतर वाडीवाडीतून, घराघरात फिरते. ज्या दिवशी ती आपल्या घरी येते त्या दिवशी घराला कुलूप असणं म्हणजे देवीला दारातून परत पाठवणं. ते पाप कोणी करत नाही. मुंबईतली माणसं नोकरी पणाला लावून येतात ती याच दिवसासाठी. आमची वाडी वरची. मला कळायला लागल्यापासून पालखी वरच्या वाडीतून निघते आणि अगदी सुरुवातीलाच आमच्या अंगणात येते. म्हणून मी होळीनंतर सबंध आठवडा सोडून पुढच्या शुक्रवारची बोट धरली. रेल्वेचं वेळापत्रक बदलेल, पण पालखीचा क्रम बदलणार नाही, या भरवशावर मी ते पैसे भरले.

होळीच्या तोंडावर गावाहून दादूचा फोन आला. दादू माझा थोरला चुलतभाऊ, गावचा मानकरी. देवळातलं गाऱ्हाणं, म्हणजे देवीपुढे सगळ्यांच्या वतीने घालायचं मागणं, तोच घालतो. फोनवरही तो गाऱ्हाण्याच्याच आवाजात बोलतो.

"मास्तर, यंदा गावकीत ठरलं हाय. दरसाल वरच्या वाडीला पयला मान, म्हनून खालच्या वाडीची तक्रार होती. यंदा पालखी खालनं निघनार."

"मग आपल्याकडे कधी?"

"शेवटाला. तुमचं घर शुक्रवारी सकाळी. मैनेला सांग, ओटीची तयारी ठेव."

म्हणजे नेमकी आमच्या बोटीची सकाळ. मी फोन ठेवला तेव्हा मैना बॅगेत साड्यांच्या घड्या घालत होती. तिला सांगितलं. तिने हातातली साडी तशीच मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "पालखी दारात येणार आणि मी ओटी भरायला नाही, असं होणार नाही. मी नाही येणार बोटीवर. तुम्ही जाऊन या." मी बोटीवर एकट्याने जाऊन काय करणार होतो, हे फेरीबोटीवरच्या वऱ्हाडाला विचारावं. पण त्या क्षणी मला हसू आलं नाही. तिने बॅग बंद केली नाही आणि पुढे भरलीही नाही. ती उघडी बॅग मधल्या खोलीत तशीच पडून राहिली आणि येता-जाता माझ्या पायात येत राहिली.

बोटवाल्या कंपनीला फोन लावला. तारीख बदलून मिळेल का, म्हटलं. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात कारण विचारलं.

"पालखी येतेय घरी."

"मेडिकल आहे का, सर?"

"नाही. देवीची पालखी."

"मग डेथमध्ये टाकू का?"

"अहो, शुभकार्य आहे."

"सर, माझ्याकडे मेडिकल, डेथ आणि कोर्टाचं समन्स एवढेच पर्याय आहेत." मी समन्स घ्यायला निघालो होतो, पण मैनेने खूण करून फोन ठेवायला लावला. देवीच्या नावावर कोर्टाची खोटी नोटीस काढू नका, म्हणाली.

आता उरली गावकी. आम्ही दोघं गावी गेलो, देवळात माणसं जमली. मी उभा राहून विनंती केली, की आमच्या एका घराची पाळी दोन दिवस आधी आणावी. मंडळी विचारात पडली. एकाने विचारलं, "मास्तर, काय कामाला चाललाव?"

"काम असं नाही. बोटीने गोव्याला."

"गोव्याला एस.टी. जाते की."

"गोव्याला काही काम नाही. समुद्रात जायचं आणि परत यायचं."

देवळात शांतता पसरली. तीस वर्षांच्या नोकरीत वर्गात एवढी शांतता मला मिळाली नव्हती. दादू घसा साफ करून म्हणाला, "आपला मानूस बोटीवर जातो तो पोटासाठी. पैसं भरून कोन जातो? आनि पालखीचा दिवस देवीनं द्यायचा, मानसानं मागायचा नाय. कौल लावा."

कौल म्हणजे देवीलाच विचारायचं. धोंडू गुरवाने देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. भूगोलाचा शिक्षक असूनही मी हात जोडून त्या पाकळ्यांकडे असा बघत होतो की डोळ्यांत पाणी आलं. धोंडूने प्रश्न सांगितला आणि डावी पाकळी टपकन खाली पडली. देवीने फार वेळही घेतला नाही. दादूने माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्याने फार व्यवस्थित केलं.

मी पायरी उतरायला लागलो, तेवढ्यात मागे बायकांत उभ्या असलेल्या मैनेचा आवाज आला. "धोंडूदादा, दिवस नको मागू. वस्ती माग. गुरुवारची वस्ती आमच्या घरी देते का विचार."

पालखी रात्री ज्या घरी मुक्कामाला राहते ती वस्ती; ती संध्याकाळीच येते, म्हणजे ओटी गुरुवारीच भरून झाली असती. आमच्या वाडीतली वस्ती परंपरेने दादूच्या घरी, आणि यंदा ती गुरुवारी येत होती. ती मागणं म्हणजे दादूचा मान मागणं. मला मैनेला थांबवावंसं वाटलं. पण मी थांबवलं नाही, कारण त्या उघड्या बॅगेनंतर प्रथमच तिचा आवाज तसा, पूर्वीसारखा लागला होता. धोंडूने दादूकडे पाहिलं. दादू म्हणाला, "विचार. देवीच्या पुढं मी कोन?" पण त्याचा चेहरा काही तसं म्हणत नव्हता. पाकळ्या पुन्हा लावल्या. या वेळी काही पडेना. एक बाई जप करायला लागली. खालच्या वाडीच्या एका म्हाताऱ्याने तंबाखू मळायची थांबवली. आणि मग उजवी पाकळी जरा घसरली, अडकली, आणि पडली.

दादू चपला घालून निघून गेला.

वस्ती मिळाली याचा आनंद साधारण देवळाच्या पायरीपर्यंत टिकला. पायरीवर मैना म्हणाली, "म्हणजे गुरुवारी आख्खं गाव जेवायला." बोटीच्या आदल्या दिवशी आम्ही काळे वाटाणे भिजवत होतो. बोटीवर न्यायच्या नव्या बॅगेवर पत्रावळींचा गठ्ठा ठेवला होता. निलेश रत्नागिरीहून मदतीला आला आणि जहाजावर असतो म्हणून त्याला भाताच्या टोपावर उभं केलं. संध्याकाळी ढोल वाजवत पालखी आली, खांद्यावर नाचली, मैनेने ओटी भरली. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहून मला वाटलं, बोट गेली तरी हरकत नाही. हे मी मोठ्याने बोललो नाही, कारण बोट जाणारच होती.

खरं संकट शुक्रवारी सकाळी उभं राहिलं. बंदराचे दरवाजे दुपारी बंद होणार होते आणि आम्हाला उजाडताच निघायला हवं होतं. दादूचा मुलगा गौरव जीप घेऊन अंगणाच्या कडेला उभा होता. फक्त पालखी उठायची बाकी होती, आणि पालखी उठेना. भोई खांदा लावायचे, दोन पावलं जायचे आणि पुन्हा मागे यायचे. "जड झालीय," ते म्हणाले. पालखी जड होते ती देवीचं काहीतरी राहून गेलं म्हणून, हे आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. ओटी झाली, नैवेद्य झाला, मग राहिलं काय? धोंडूने हळूच माझ्या कानाशी सांगितलं, "गाऱ्हानं नाय झालं." आणि गाऱ्हाणं घालणारा दादू आमच्या फणसाखालच्या दगडावर, आमच्याकडे पाठ करून बसला होता.

मी त्याच्याजवळ गेलो. "दादू, गाऱ्हाणं घाल. बोट चुकेल रे."

"मला कुनी सांगितलंय का, बोट किती वाजताची?" तो पाठ न वळवता म्हणाला. "देवीला विचारलंव. गावाला विचारलंव. वस्ती माझी, मला विचारलंव?"

गौरव जीपचा हॉर्न वाजवत होता आणि बापाने वळून पाहताच गाडीखाली काहीतरी शोधत होता. तेवढ्यात मैना हळूहळू गुडघे सांभाळत आली आणि दादूशेजारी दगडावर टेकली.

"दादूभावजी, चुकलं. विचारायला हवं होतं."

"बोट-बोट काय लावलंय मैने? काय हाय त्या बोटीत?"

तेव्हा तिने त्याला सांगितलं. लाल परकराचं, धक्क्याचं, वडील काय म्हणायचे आणि आई काय म्हणायची ते. देवळात सगळ्या गावापुढे उभं राहून मी 'समुद्रात जायचं आणि परत यायचं' एवढंच सांगितलं होतं. खरं कारण सांगायची मला लाज वाटली होती, ते फार लहान वाटेल म्हणून. दादू ऐकत राहिला. मग उठला, धोतर झटकलं आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "असं पयलं सांगायचं, मास्तर. येवढा शिकलाव कशाला?"

तो पालखीपुढे उभा राहिला.

"बा देवी म्हाराजा, आज जी काय ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत..."

"होय म्हाराजा," गाव म्हणालं.

"ती आज समुद्रावर चाललेली हायत. जी काय त्यांची बोट असंल ती त्यांना टाकून जाता नये..."

"होय म्हाराजा."

"या तुझ्या लेकीला जे काय बघायचं हाय ते धडधाकट डोळ्यांनी बघून तिनं माघारी यावं..."

"होय म्हाराजा."

"आनि मास्तरांच्या पोटातलं पोटातच ऱ्हावं..."

"होय म्हाराजा," गाव जरा जास्तच जोरात म्हणालं. फेरीबोटीची बातमी डोंगरापर्यंत कशी पोचली याची चौकशी करायला तेव्हा वेळ नव्हता. भोयांनी खांदा लावला आणि पालखी फुलासारखी उचलली गेली.

पुढचा प्रवास मी फारसा पाहिला नाही. हायवेवर जिथे रस्ता आहे तिथे गौरवने जीप उडवली आणि जिथे नाही तिथेही उडवली. मैना हातात ओटीतला प्रसादाचा नारळ घट्ट धरून बसली होती. मृणालीचा दर थोड्या वेळाने फोन येत होता, "आई, कुठे पोचलात? मी लाल ड्रेस घातलाय. गेटवेच्या कठड्यापाशी उभी राहते." बंदरावर पोचलो तेव्हा दरवाज्यावरचा माणूस घड्याळ बघत होता. आमच्या डोक्यावरचा गुलाल बघून त्याने मला विचारलं, "निवडून आलात काय?" नारळ बाहेरचं खाणं म्हणून त्याने काढून घेतला. मैनेने त्याला बजावलं की तो देवीचा आहे, घरी जाऊन मुलांत वाटा, कचऱ्यात टाकाल तर बघा. तो खरंच घाबरला असावा, कारण त्याने नारळ दोन्ही हातांनी घेतला. आम्ही आत शिरल्यावर मागे दरवाजा ओढल्याचा आवाज आला.

मी आलं चघळत वरच्या डेकवर गेलो. बोट इतकी हळू सरकली की आधी बोट हलते आहे की मुंबई, हे कळेना. आजूबाजूला गाणी लागली होती, लोक फोटो काढत होते. मैना कठड्याला धरून उभी होती. किनारा मागे गेला, इमारती लहान झाल्या आणि गेटवेच्या काठावर माणसांची एक बारीक काळपट रेघ उरली. ती रेघ हलत होती की उन्हात तसं वाटत होतं, मला सांगता आलं नसतं. मैनेने चष्मा पुसला. परत घातला. पदराने कपाळावर सावली धरली.

"तुम्हाला दिसतंय?" तिने विचारलं.

मी खूप पाहिलं. "नाही गं," म्हटलं. भूगोलाचा माणूस खोटं बोलू शकला असता, पण मला तेव्हा सुचलं नाही.

ती काही वेळ तशीच बघत राहिली. मी घाबरलो. एवढ्या पालख्या, कौल आणि काळे वाटाणे करून आम्ही इथवर आलो होतो आणि उत्तर हे निघालं होतं. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

"आई बरोबर होती," ती म्हणाली. "त्यांना मी कधीच दिसले नव्हते. एकदासुद्धा." मग म्हणाली, "तरी दर खेपेला सांगायचे हो. दर खेपेला."

हातातल्या फोनमधून मृणालीचा आवाज येत होता. वाऱ्याने तो तुटत होता. "आई, मी हात हलवतेय. कठड्यावर चढलेय. दिसतेय का मी?"

मैनेने फोन कानाला लावला, दुसरा हात उंच करून त्या काळपट रेघेकडे हलवला आणि म्हणाली,

"दिसलीस गो. चांगली दिसलीस."